हळू वाढणारा लिम्फोमा: थांबायचं, बीआर, आर-चॉप, आर-स्क्वेअर की चाचणी?

बाबांना गाठ पहिल्यांदा लागली ती दाढी करताना. डाव्या जबड्याखाली, चिंचोक्याएवढी, न दुखणारी. नागपुरात अजनीच्या लोको शेडमध्ये, रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीत आयुष्य गेलेला माणूस, बेअरिंगवर बोट ठेवून कुठे घासतंय ते सांगणारा. त्याच बोटाने महिनाभर रोज ती गाठ चाचपली आणि मग आईला सांगितलं. पुढचे सात महिने या दारातून त्या दारात गेले. सुईने काढलेल्या नमुन्यावर एका ठिकाणी 'साधी सूज' असा रिपोर्ट आला, दुसऱ्या ठिकाणी नुसत्या संशयावरून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. शेवटी अख्खी गाठ काढून तपासली तेव्हा निदान मिळालं: फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा सहसा हळू वाढणारा कॅन्सर, ग्रेड १-२, तिसरी स्टेज.

मी बी. फार्म. झालेली, धंतोलीत औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेली माणसं चिठ्ठी पुढे सरकवतात आणि हळूच विचारतात, "ताई, यातलं चांगलं कोणतं?" औषध ठरवणं हे माझं काम नाही, ते हिमॅटोलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) किंवा कॅन्सरतज्ज्ञ ठरवतील. पण त्यांच्यासमोर दहा मिनिटं मिळतात, तेव्हा काय विचारायचं हे आधी माहीत असलं तर ती दहा मिनिटं कामी येतात. आमच्या घरी ते माहीत नव्हतं. म्हणून हा आढावा: थांबायचं, औषधांच्या ठरलेल्या मिश्रणांपैकी एखादं घ्यायचं की नव्या औषधाच्या चाचणीत जायचं, हे ज्यांना आत्ता ठरवायचंय त्यांच्यासाठी.

आधी निदान पक्कं करा

आपल्याकडे मानेतली गाठ म्हटली की टीबी आठवतो, आणि बरेचदा तो असतोही. पण लिम्फोमा ओळखायला सुईचा नमुना पुरत नाही. पेशींची मांडणी दिसावी लागते, त्यासाठी शक्यतो अख्खी गाठ काढून बायोप्सी करावी. रिपोर्टमध्ये सीडी २०, सीडी १०, बीसीएल २, बीसीएल ६ आणि केआय-६७ या पेशींच्या खुणांच्या तपासण्या आहेत का ते पाहा. ग्रेडही पाहा. ३-बी असेल तर तो आजार वेगाने वाढणाऱ्या प्रकारासारखा हाताळतात आणि या लेखातली तुलना त्याला लागू होत नाही. आजार एकाच भागापुरता असेल तर रेडिएशनचा विचार आधी होतो. आणि रिटुक्सिमॅब, म्हणजे पुढच्या सगळ्या मिश्रणांत असणारं औषध, त्याची पहिली बाटली लागण्यापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी दोन्ही. शरीरात दबून बसलेला हा विषाणू या औषधाने जागा होतो आणि यकृत निकामी करू शकतो. दुकानात मी हे प्रत्येकाला विचारते, आणि पहिलीच तपासणी करून आलेले पुष्कळ भेटतात.

थांबणं हाही उपचारच

घरात सगळ्यात जास्त भांडण यावरून झालं. कॅन्सर आहे आणि डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांनी या! दादा चिडला, "मुंबईला नेऊ, इथे काही करून नाही राहिले." मुंबईतही तेच सांगितलं गेलं.

त्यामागे पुरावा आहे. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात ३०९ रुग्णांवर एक चाचणी झाली. आजार पसरलेला, पण त्रास काही नाही, अशी ही माणसं होती. निम्म्यांना लगेच क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना नुसतं पाहत राहिले. २००३ साली निकाल छापून आला: आयुष्याच्या लांबीत फरक नाही. थांबलेल्यांपैकी सुमारे १९ टक्के लोकांना दहा वर्षांनंतरही केमोची गरज पडली नव्हती. सत्तरीपुढच्या रुग्णांत हे प्रमाण ४० टक्के होतं. ही रिटुक्सिमॅबच्या आधीची गोष्ट, असं कुणी म्हणेल. म्हणून पुढे नुसतं रिटुक्सिमॅब विरुद्ध थांबणं अशीही चाचणी झाली आणि २०१४ साली तिचा निकाल आला. रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांचा पुढचा उपचार लांबला हे खरं, पण किती वर्षं जगले यात तफावत दिसली नाही.

थांबायचं कधीपर्यंत, याचे निकष ठरलेले आहेत. एखादी गाठ ७ सेंटिमीटरपेक्षा मोठी होणं, तीन ठिकाणी ३ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी असणं, प्लीहा वाढणं, छातीत किंवा पोटात पाणी होणं, रक्तपेशी कमी होणं, गाठीने एखादा अवयव दाबला जाणं, ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणं. यातलं एखादं जरी दिसलं तरी उपचार सुरू करण्याचा विचार होतो. बाबा चौदा महिने थांबले. त्या काळात त्यांनी पचमढी पाहिली, नातवाचं बारसं केलं. मग पोटातल्या गाठीने मूत्रवाहिनी दाबली, एका बाजूची किडनी सुजली, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं आणि थांबणं संपलं.

बीआर आणि आर-चॉप

बहुतेकांपुढे येणारी निवड हीच. दोन्हींत रिटुक्सिमॅब आहेच. ते बी-पेशींवरच्या, म्हणजे हा लिम्फोमा ज्यांच्यापासून होतो त्या पांढऱ्या पेशींवरच्या, सीडी २० या खुणेला चिकटतं. आर-चॉपमध्ये त्याच्या जोडीला सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन असतं, दर २१ दिवसांनी. बीआरमध्ये जोडीला एकटं बेंडामस्टिन, दर २८ दिवसांनी लागोपाठ दोन दिवस. सहसा दोन्हींच्या सहा सायकली (फेऱ्या) होतात. बेंडामस्टिन हे १९६०च्या दशकात पूर्व जर्मनीत तयार झालेलं औषध. भिंतीपलीकडे कित्येक वर्षं पडून राहिलं आणि जर्मनी एक झाल्यावर जगापुढे आलं.

दोघांची समोरासमोर तुलना जर्मनीतच झाली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ५१४ रुग्णांच्या निकालाचा हिशोब मांडला गेला. त्यात हळू वाढणारे लिम्फोमा होते आणि मँटल सेल प्रकारही होता. आजार पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा मधला काळ बीआरमध्ये ६९.५ महिने, आर-चॉपमध्ये ३१.२ महिने. 'मधला' म्हणजे निम्म्यांचा आजार त्याआधी उलटला, निम्म्यांचा त्यानंतर. तुमच्या माणसाला ६९ महिने मिळतीलच असा त्याचा अर्थ होत नाही. हे मी काउंटरवर रोज कुणाला तरी समजावते, कारण लोक त्या आकड्यावर मुलीच्या लग्नाचा मुहूर्त बांधतात.

त्रासाच्या बाबतीतही बीआरचं पारडं वरचढ ठरलं. आर-चॉपच्या तीन किंवा जास्त सायकली घेतलेल्या सगळ्यांचे केस गेले, बीआरमध्ये कुणाचेच नाही. हातापायाला मुंग्या येण्याचं प्रमाण २९ टक्क्यांच्या तुलनेत ७ टक्के, जंतुसंसर्ग ५० टक्क्यांच्या तुलनेत ३७ टक्के. त्वचेवर पुरळ मात्र बीआरमध्ये जास्त, ९ विरुद्ध १६ टक्के. आणि पुन्हा तेच: किती वर्षं जगले, यात त्या चाचणीत फरक नव्हता. आर-चॉप घेतलेल्यांचा आजार लवकर उलटला, पण नंतर त्यांनाही बीआर किंवा दुसरं काही मिळालं.

एवढं वाचून बीआरवर शिक्का मारावासा वाटतो. पण बेंडामस्टिनचा एक दोष सावकाश बाहेर येतो. ते टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, खूप खाली नेतं आणि त्या कित्येक महिने वर येत नाहीत. गॅलियम नावाच्या १,२०२ फॉलिक्युलर रुग्णांच्या मोठ्या चाचणीत बेंडामस्टिन घेणाऱ्यांमध्ये जीवघेण्या गुंतागुंती इतर केमोपेक्षा जास्त दिसल्या. मात्र त्या चाचणीत केमो कोणती द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं, प्रत्येक केंद्राने आपली निवडली होती. त्यामुळे ही थेट तुलना मानता येत नाही. तरी दुर्लक्ष करण्यासारखीही ती नाही. म्हणून बीआर घेताना न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळायला कोट्रायमॉक्साझोल आणि नागीण टाळायला असायक्लोव्हिर कधी सुरू करायचं, किती महिने चालू ठेवायचं, हे पहिल्या भेटीतच लिहून मागा. बाबांनी चौथ्या सायकलीनंतर असायक्लोव्हिर 'आता बरं आहे' म्हणून स्वतःच बंद केलं. पंधरा दिवसांत कमरेला नागीण उठली. केमोने रडला नव्हता एवढा तो माणूस त्या जळजळीने रडला.

आर-चॉपची बाजूही ऐकून घ्या. आजार वेगवान प्रकारात बदलल्याची शंका असेल, एखादी गाठ एकदम वाढली, पेट-सीटी या अंगभराच्या स्कॅनमध्ये एकच जागा फार चमकली, रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम खूप वर गेलं, तर पुष्कळ डॉक्टर आधी आर-चॉपकडेच वळतात. आणि तशी शंका नसेल तर उलटा विचार असतो: डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर भार पडतो, आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा आहे, तेव्हा ते पुढच्या प्रसंगासाठी राखून ठेवावं. हृदयाचा त्रास असेल तर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय आर-चॉपची गोष्टच नको. मधुमेह असेल तर दर सायकलीला पाच दिवस प्रेडनिसोलोनने साखर किती चढेल, याचाही हिशोब आधी करून ठेवा.

पहिल्या दिवसाबद्दल सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. मे महिना, बाहेर ४४ अंश, डे-केअरमध्ये कूलर घुमतोय. रिटुक्सिमॅब सुरू होऊन चाळीसेक मिनिटं झाली असतील, बाबांचे दात वाजायला लागले. हात इतका थरथरत होता की स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर टकटक आपटत होता. सिस्टरने ड्रिप थांबवली, एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि स्टेरॉइड दिलं, दोन ब्लँकेटं टाकली. अर्ध्या तासाने पुन्हा थेंब सुरू, पहिल्यापेक्षा निम्म्या वेगाने. सकाळी दहाला बसलेलो, संध्याकाळी सहाला सुटलो. पहिल्या वेळी हे बऱ्याच जणांना होतं, पुढच्या वेळी कमी होतं. त्या दिवशी घरच्यांपैकी कुणीतरी दिवसभर शेजारी बसलेलं असू द्या.

आर-स्क्वेअर, म्हणजे केमोशिवायची जोडी

रिटुक्सिमॅब आणि लेनालिडोमाइड. रिटुक्सिमॅबचा 'आर' आणि लेनालिडोमाइडच्या मूळ ब्रँडच्या नावातला 'आर' मिळून हे नाव पडलं. ही गोळी शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींना कामाला लावते. रेलेव्हन्स या चाचणीत आधी उपचार न झालेले १,०३० रुग्ण होते: एका बाजूला आर-स्क्वेअर, दुसऱ्या बाजूला रिटुक्सिमॅबसह केमो. आर-स्क्वेअर सरस ठरेल अशी अपेक्षा होती, ते तसं ठरलं नाही. तीन वर्षांनी आजार न वाढलेले ७७ टक्के विरुद्ध ७८ टक्के, म्हणजे जवळपास बरोबरी. पांढऱ्या पेशी गंभीर प्रमाणात घटणं कमी (३२ विरुद्ध ५० टक्के), त्वचेचा गंभीर त्रास जास्त (७ विरुद्ध १ टक्का).

आजार एकदा उलटल्यावर मात्र या जोडीचं काम चांगलं दिसलं. ऑगमेंट चाचणीत ३५८ रुग्णांपैकी काहींना रिटुक्सिमॅबबरोबर लेनालिडोमाइड दिलं, काहींना रिटुक्सिमॅबबरोबर बिनऔषधाची गोळी. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मधला काळ ३९.४ महिने विरुद्ध १४.१ महिने.

'गोळी' या शब्दाने लोक सुखावतात. पण ही गोळी महिन्यातले २१ दिवस घ्यायची, पहिल्या उपचारात साधारण दीड वर्ष. मधे ब्लड काउंट आणि किडनीची तपासणी, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुतेकांना ॲस्पिरिन, जुलाब, पुरळ. क्रिएटिनिन जास्त असेल तर डोस कमी करावा लागतो. आणि ती थॅलिडोमाइडच्या कुळातली आहे, गर्भाला घातक. आमच्या घरी तेव्हा वहिनीला पाचवा महिना होता. बाबांच्या गोळ्यांचा डबा भरायचं काम तिचंच. कॅप्सूल फोडायची नाही, चुरायची नाही, गरोदर बाईने तिला हातही लावायचा नाही, हे मी सांगितल्यावर बाबांनी तिथल्या तिथे मान हलवली. वहिनीचं कारण आणि वाढलेलं क्रिएटिनिन, या दोन गोष्टींनी आर-स्क्वेअर आमच्यासाठी मागे पडलं. तुमच्या घरात हे प्रश्न नसतील, दर सायकलीला लागोपाठ दोन दिवस प्रवास करून ड्रिप घेणं अवघड असेल, माणूस गोळ्या न चुकता घेणारा असेल, तर हा पर्याय डॉक्टरांसमोर नाव घेऊन विचारण्यासारखा आहे.

चाचणीतलं मिश्रण

आता सगळ्यात अवघड भाग. मुंबईत आम्हाला एका चाचणीचं माहितीपत्रक मिळालं: आर-स्क्वेअरच्या जोडीला एक नवं, तिसरं औषध. दादाचा हिशोब सरळ होता. दोन औषधांनी इतकं, तर तिनांनी जास्त. बाबांनी त्याला थांबवलं. "दोन इंजिनं जोडली म्हणून वेग दुप्पट होत नाही रे. ओढ वाढते. अन् दोन्हींचे ब्रेक एका हाताखाली आले नाहीत तर गाडी मधेच तुटते."

मिश्रणं तपासावी का लागतात, याचं याहून चांगलं उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. आणि याच आजारात ते घडलेलं आहे. आयडेलालिसिब नावाची गोळी उलटलेल्या फॉलिक्युलर लिम्फोमात एकटी चालत होती, २०१४ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरीही मिळाली. लेनालिडोमाइड चालत होतं, रिटुक्सिमॅब तर चालतच होतं. तिघं एकत्र केल्यावर पहिल्या मोजक्या रुग्णांतच यकृताला इजा, अंगभर पुरळ, रक्तदाब कोसळणं असं सुरू झालं आणि चाचणी थांबवावी लागली. २०१६ मध्ये या गोळीच्या इतर मिश्रणांच्या चाचण्याही मृत्यू आणि संसर्ग वाढल्यामुळे बंद झाल्या. २०२२ मध्ये कंपनीने या आजारासाठीची अमेरिकेतली मंजुरीच मागे घेतली.

आता दुसरं मिश्रण पाहा. तेच आर-स्क्वेअर, पण तिसरं औषध टाफासिटामॅब. ते बी-पेशीवरच्या सीडी १९ या वेगळ्या खुणेला चिकटतं. इनमाइंड नावाच्या चाचणीत आजार उलटलेल्या ५४८ फॉलिक्युलर रुग्णांत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मधला काळ १३.९ महिन्यांवरून २२.४ महिन्यांवर गेला आणि २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पाया एकच, तिसरा गडी वेगळा, निकाल दोन टोकांचे. चाचणीत नाव नोंदवणाऱ्या माणसांना पहिल्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. दोन्ही चाचण्यांतल्या रुग्णांबद्दल मला मनापासून आदर आहे. आज आपण बीआर बिनघोर मागतो, तेही कुणीतरी असंच नाव नोंदवलं म्हणून.

संमतीपत्र बाबांनी टीपॉयवर पसरून, पेन्सिलने ओळीखाली रेघ ओढत वाचलं. 'यादृच्छिक निवड' या शब्दावर अडकले. मी सांगितलं, कोणत्या गटात जायचं ते संगणक ठरवतो, डॉक्टरही ठरवू शकत नाहीत. "म्हणजे औषध देऊन राहिले की चिठ्ठ्या टाकून राहिले?" आईला हे पटेना. मग मी म्हटलं, डॉक्टरांनी निवडलं असतं तर धडधाकट माणसांना नवं औषध गेलं असतं आणि औषधाची फुकट वाहवा झाली असती. बाबा लगेच म्हणाले, "हलक्या रेकला नवं इंजिन लावून वेग दाखवायचा नाही." बरोबर तेच.

चाचणीचा टप्पा विचारा. पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांवर डोस किती झेपतो ते पाहतात, दुसऱ्यात गुण येतो का ते, तिसऱ्यात चालू असलेल्या उपचाराशी तुलना. पहिल्या टप्प्यात 'मला फायदा होईल' ही आशा पातळ असते, आणि ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगायला हवं. तिसऱ्या टप्प्यात 'नवं नाही मिळालं तर काय मिळेल?' हा पहिला प्रश्न. उपचाराची गरज असलेल्या रुग्णाला नुसती बिनऔषधाची गोळी द्यायची पद्धत नाही. ऑगमेंटमध्येही सगळ्यांना रिटुक्सिमॅब मिळतच होतं.

भारतात चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदलेली असावी लागते. सीटीआरआय, वर्ष, महिना आणि आकडा असा तो क्रमांक संमतीपत्रावर शोधा आणि संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहा. २०१९च्या क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात, भरपाईची तरतूद आहे, नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि रुग्ण कधीही, कारण न देता बाहेर पडू शकतो. यानंतरही हे विचाराच: चाचणीबाहेरच्या तपासण्यांचा खर्च कोणाचा, प्रवासखर्च मिळतो का, गुण आला तर चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का, आणि रात्री दोन वाजता ताप आला तर नागपुरात कोणाला फोन करायचा.

तो शेवटचा प्रश्न आम्हाला सगळ्यात मोठा वाटला. चाचणीचं केंद्र मुंबईत, पहिल्या दोन महिन्यांत जवळपास दर आठवड्याला भेट. विदर्भ एक्स्प्रेसची रात्र जायला, रात्र यायला, पांढऱ्या पेशी खाली असताना डब्यातली गर्दी. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे तासाभरात दवाखाना, हा केमोचा नियम रुळांवर कसा पाळायचा? तरी बाबांची तयारी होती. शेवटी क्रिएटिनिनमुळे ते निकषात बसले नाहीत. मूत्रवाहिनीत स्टेंट (नळी) टाकून आकडा उतरायची वाट पाहावी, तर गाठ वाढत होती.

माझं मत विचाराल तर: पहिल्याच उपचाराला, आजार साधा असेल आणि बीआर किंवा आर-स्क्वेअर सहज मिळत असेल, तर दूरच्या गावच्या चाचणीसाठी घर हलवायची निकड मला दिसत नाही. केंद्र गावातच असेल तर गोष्ट वेगळी. पण आजार पहिल्या रिटुक्सिमॅब-केमोनंतर दोन वर्षांच्या आत उलटला, तर चाचणी पहिल्या रांगेत आणा. आर-चॉप घेतलेल्या अमेरिकी रुग्णांच्या अभ्यासात असे साधारण पाचात एक होते, आणि त्यांच्यापैकी पाच वर्षांनी निम्मेच हयात होते. बाकीच्यांत ते प्रमाण ९० टक्के होतं. या गटासाठी ठरलेली औषधं अपुरी आहेत, आणि नव्या मिश्रणांची खरी गरज इथेच आहे.

पैसा, आणि आपलं गाव

नागपुरात आता मुंबईची वाट धरल्याशिवायही हे उपचार होतात. तुकडोजी चौकातलं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानमधलं एम्स, सरकारी मेडिकल कॉलेज. महात्मा फुले योजनेत आणि आयुष्मानमध्ये कोणती केमो बसते ते योजनेच्या खिडकीवरच विचारा, कारण पॅकेज औषधाच्या नावावर ठरतं. बेंडामस्टिन आणि लेनालिडोमाइड दोन्ही २०२२ मध्ये राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आली, रिटुक्सिमॅब आधीपासून आहे. २००७ पासून रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्तीही मिळते. छापील किंमत आणि प्रत्यक्ष दर यात अजूनही मोठी दरी असते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका. माझ्याच दुकानात येऊन आधी दुसरीकडचा भाव सांगितलात तरी मला राग येत नाही. रिटुक्सिमॅब २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात चंद्रपूरला न्यायचं असेल तर बर्फाचा डबा दुकानदाराकडून मागून घ्या, पण बाटली थेट बर्फावर ठेवू नका, गोठली की वाया.

आणि काढे. शेजारच्या काकूंनी प्रेमाने गुळवेलीचा काढा पाठवला होता. कोविडच्या काळात गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली आहे. बीआरवर असताना यकृताचे आकडे चढले तर दोष कोणाचा हे कळणार नाही. तो काढा म्हणजे मिश्रणातलं न तपासलेलं तिसरं औषधच. काकूंना तसं सांगितलं, त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

सहा सायकलीनंतर

बाबांनी बीआर घेतलं. तिसऱ्या सायकलीनंतर किडनीची सूज उतरली, सहाव्यानंतरच्या पेट-सीटीत कुठेच काही चमकलं नाही. मग मेंटेनन्सचा प्रश्न आला, दर दोन महिन्यांनी रिटुक्सिमॅब, दोन वर्षं. प्रिमा चाचणीत यामुळे आजार उलटेपर्यंतचा मधला काळ ४.१ वर्षांवरून १०.५ वर्षांवर गेला, पण दहा वर्षांनी हयात असणारे दोन्हीकडे ८० टक्क्यांच्या आसपासच. त्या चाचणीतल्या बहुतेकांनी आर-चॉप घेतलं होतं, बीआर नाही. नागिणीनंतर बाबांनी आणि डॉक्टरांनी मिळून मेंटेनन्स नको असं ठरवलं. दुसऱ्या कुणाच्या घरी उलटं ठरलं तर तेही मला योग्य वाटेल, विशेषतः आर-चॉप झालं असेल तर.

आता दर चार महिन्यांनी तपासणी. फाइलमध्ये पहिलं संमतीपत्र पेन्सिलच्या रेघांसह जपून ठेवलंय, कारण हा आजार परततो हे आम्हाला ठाऊक आहे आणि तेव्हा वहिनीचं बाळ शाळेत जात असेल, क्रिएटिनिनही ठीक असेल. तुम्ही एक करा: पहिल्या बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक (गाठीचा तुकडा यात जपलेला असतो) आणि स्लाइड लॅबकडून लेखी अर्ज देऊन परत मागून घ्या. बरेचदा नव्या चाचणीत पहिल्याच दिवशी तो ब्लॉक मागतात, आणि काही वर्षांनी लॅबमध्ये तो सापडेलच याची खात्री नसते. आमचा ब्लॉक आईच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहे. वरच्या कप्प्यात ठेवला होता, पण मे महिन्यात ते पत्रा-कपाट तापतं, म्हणून बाबांनी खाली हलवला.